धुराचा सातबारा कुणाच्या नावावर?



जालन्याला जुनी माणसं 'सोन्याचा पाळणा' म्हणायची. अजून म्हणतात. पाळण्यात कोण झोपलं आणि रात्रभर दोरी कुणी ओढली, ते म्हणीत येत नाही. आता देशभर एक नवीन बोलणं सुरू झालंय. म्हणे कारखान्याच्या चिमणीतला धूर पकडायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, आणि त्यापासून मिथेनॉल, युरिया, सोडा, प्लॅस्टिकचा कच्चा माल, सिमेंटचे ठोकळे असं काय काय बनवायचं. थोडक्यात धुराचं सोनं करायचं. ज्या जिल्ह्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत, साखर कारखाने आहेत आणि रसायनाचं कॉलेजसुद्धा आहे, तिथं हे बोलणं उद्या येणारच. म्हणून या अंकाचं संपादकीय त्याच्यावर.

आपल्यातलेच काहीजण आत्ताच तोंड वाकडं करतील. म्हणतील, गावात अजून पाण्यावरून डोकी फुटतात, पोरांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि तू कार्बनच्या गोष्टी सांगतोस? हे पांढरपेशांचे चोचले. एसी खोलीत बसून पृथ्वी तापली म्हणून रडणाऱ्यांचे.

मी उलट विचारतो. पृथ्वी तापली तर उन्हात कोण उभं असतं? एसीतला तो, की भट्टीपुढचा तू? दुष्काळात टँकरच्या मागं कळशी घेऊन कोण पळतं? २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. २०१५ ला परळीचं वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलं. त्या साली मराठवाड्यातनं मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर कोण आलं, ते मला गोदीच्या बाहेर रोज दिसत होतं. आपल्या अंगावर येणारी गोष्ट पांढरपेशांची कशी?

मी गोदीत माल उतरवतो. गाव अंबड तालुक्यात. मॅट्रिक झालो आणि सरळ बंदरावर आलो. रसायनशास्त्र शाळेनं शिकवलं ते दहावीच्या पुस्तकापुरतं. पुढचं वाचून शिकलो, काही अंगावर घेऊन शिकलो. तेवढ्यावर हा हिशोब मांडतो. कुणी इंजिनिअर पोरगा वाचत असेल तर त्यानं तपासावा.

आधी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ. आपल्या आया-आज्या दिवाळीच्या आधी भिंतीला चुना लावायच्या. ओला चुना दोन दिवसांत कडक का होतो? हवेतला कार्बन डायऑक्साइड तो शोषून घेतो आणि परत चुनखडीचा दगड होतो. वायू दगडात बांधला गेला. म्हणजे जे काम शास्त्रज्ञ आज करू बघतायत, त्यातलं एक आपली म्हातारी कुंच्यानं करत होती. तिला कुणी पेटंट दिलं नाही.

कारखान्याचं काम मोठं, पण तत्त्व साधंच. धूर एका उंच टाकीत सोडायचा. वरून अमाइन नावाच्या रसायनाचं पाणी खाली सोडायचं. ते थंडपणी कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, आणि दुसऱ्या टाकीत वाफेनं १२० अंशाच्या आसपास तापवलं की सोडून देतं. मग शुद्ध वायू मिळतो. पण त्या वाफेला इंधन लागतं. वायू जितका पातळ, तितकं धरणं महाग. हवेत तो दहा हजारांत चार भागच असतो. कोळशाच्या चिमणीत शंभरात बारा-चौदा. आणि मळीपासून दारूचा अर्क काढताना, आता सरकारी भाषेत इथेनॉल म्हणतात, त्या आंबवण्याच्या टाकीतनं निघतो तो जवळजवळ शुद्ध. ४६ किलो इथेनॉलमागं ४४ किलो वायू. म्हणजे टनाला जवळजवळ टन. तो धरायला अमाइन लागत नाही, वाफ लागत नाही. धुऊन, सुकवून, दाबून भरला की झालं. थंड पेयाच्या बाटलीतले बुडबुडे कित्येकदा तिथनंच येतात.

आता जालन्याकडे बघू. जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्या बहुतेक विजेच्या. भंगार आणि स्पंज आयर्न वितळवायचं आणि सळई ओढायची. परदेशातलं भंगार न्हावा-शेव्याला कंटेनरमधनं उतरतं आणि तिकडं जातं. विजेच्या भट्टीतनं स्वतःचा कार्बन फार निघत नाही. तो निघतो रोलिंग मिलमध्ये लोखंड परत तापवतात तिथं. त्याहून जास्त निघतो वीज जिथं बनते त्या परळी-चंद्रपूरच्या चिमणीतनं, आणि स्पंज आयर्न जिथं कोळशावर भाजतात तिथं. म्हणजे सळई जालन्याची आणि तिचा धूर भलत्याच गावाच्या डोक्यावर. जालन्यात कुणी उद्या 'आम्ही आमचा धूर पकडला' असं म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारा, कुठला धूर?

साखर कारखान्याचं वेगळं. जिथं आसवनी आहे तिथं शुद्ध वायू फुकटात हवेत जातो. धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात सोपा कार्बन तिथं आहे. आणि त्या वायूच्या मुळाशी कोण आहे? कोयता. जालना, बीडचे ऊसतोड कामगार. आपल्यातले, बंजारा, वंजारी, भटके. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांचा विषय विधिमंडळात गाजला. पाळी आली तर खाडा पडतो, खाडा पडला तर दंड पडतो, म्हणून बायांनी पिशव्या काढून टाकल्या. त्या उसाची साखर झाली, मळीचं इथेनॉल झालं, आता हवेत जाणाऱ्या वायूचेही पैसे होतील. कोयत्याच्या हिश्शाला काय? हा प्रश्न रसायनाच्या पुस्तकात नाही. आपल्याला तो घालावा लागेल.

हे सगळं हवेतलं बोलणं आहे असं समजू नका. कार्बन डायऑक्साइडपासून माल बनवणं हा जुना धंदा आहे. चेंबूरला आरसीएफचा कारखाना आहे, अलिबागजवळ थळला दुसरा. उज्ज्वला युरिया तिथलाच. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दाबाखाली एकत्र आणले की युरिया होतो. ४५ किलोच्या एका गोणीत ३३ किलो वायू बांधलेला असतो. जगात वर्षाला सुमारे २३ कोटी टन कार्बन डायऑक्साइड कामाला लावतात, त्यातला १३ कोटी टन एकट्या युरियात जातो. तमिळनाडूत तुतिकोरिनला २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरचा धूर धरून धुण्याचा सोडा बनवण्याचा कारखाना उभा राहिला, वर्षाला ६०,००० टन वायूच्या क्षमतेचा. जमशेदपूरला टाटा स्टीलनं २०२१ मध्ये रोज ५ टन वायू धरणारं यंत्र बसवलं. मध्य प्रदेशात विंध्याचलच्या सरकारी वीज केंद्रात २०२२ साली रोज २० टनांचं यंत्र आलं, आणि २०२४ मध्ये त्या वायूपासून मिथेनॉल काढून दाखवलं. चीनमध्ये आन्यांग इथं २०२२ पासून वर्षाला १ लाख १० हजार टन मिथेनॉलचा कारखाना आहे. पवईच्या आयआयटीत याच विषयाचं राष्ट्रीय केंद्र २०२२ साली जाहीर झालं. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे माजी कुलगुरू गणपती यादव यांनी कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल आणि डायमिथाइल ईथर करण्यावर काम केलंय. आणि त्याच संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून कुठं आहे? जालन्यात.

मग आत्ताच एवढी घाई कशाला? कारण बाजार. २०२६ च्या १ जानेवारीपासून युरोप बाहेरून येणाऱ्या लोखंड, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतावर कार्बनचा हिशोब लावतोय. आपल्या सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये 'हिरव्या पोलादा'ची व्याख्या केली. एका टन पोलादामागं २.२ टनांपेक्षा कमी कार्बन असेल तर ते हिरवं. जालन्याची सळई बहुतेक देशातच खपते, पण उद्या सरकारी पुलाच्या टेंडरात 'हिरवी' सळई मागितली की मालक जागे होतील. मालकाला पृथ्वीची दया आली असं समजून हार घालायला जाऊ नका. तो टेंडर वाचतोय. आपणही वाचायला शिकू.

आता पोत्यांचा हिशोब. मला टन कळत नाही, पोतं कळतं. ५० किलोचं एक पोतं, २० पोती म्हणजे टन. मिथेनॉलची २० पोती करायची तर कार्बन डायऑक्साइडची साडेसत्तावीस पोती लागतात आणि हायड्रोजनची पावणेचार. वायू धुरातनं मिळाला. हायड्रोजन कुठनं आणणार? तो हिरवा पाहिजे असेल तर पाणी विजेनं फोडायचं. पावणेचार पोती हायड्रोजनला जवळजवळ ३४ पोती पाणी. त्यातलं ११ पोती पाणी मिथेनॉल तयार होताना परत मिळतं, बाकी गेलं. आणि वीज? जवळजवळ १०,००० युनिट. एका टनाला!

इथं थांबा आणि नीट बघा. आपल्या ग्रीडची वीज अजून बरीचशी कोळशाची. एका युनिटामागं ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ग्रीडची वीज वापरून एक टन मिथेनॉल केलं, तर सव्वा-दीड टन वायू बांधायला सात टन वायू सोडला. याला काय म्हणायचं? एक पोतं वर चढवायला पाच पोती समुद्रात टाकायची. असला हमाल मुकादमानं दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. पण कारखानदारानं केलं तर त्याला हिरवा उद्योग म्हणतील, सबसिडी देतील आणि फीत कापतील.

वर आणखी एक. ते मिथेनॉल गाडीत जाळलं की बांधलेला वायू परत मोकळा. युरियाही शेतात पडला आणि भिजला की काही दिवसांत तो वायू सोडतो. चोर पकडला, ठाण्यात नेला, चहा पाजला आणि मागच्या दारानं सोडला. वायू खरंच जन्मठेपेत ठेवायचा असेल तर तो चुन्यासारखा दगडात बांधावा लागतो. काँक्रीटच्या ठोकळ्यात, चुना जास्त असलेल्या मळीत. प्रत्येक भट्टीच्या मळीत तेवढा चुना नसतो, ते तपासावं लागतं. आणि सगळं जमलं तरी प्रमाण विसरू नका. जग वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास वायू सोडतं, कामाला लावतं २३ कोटी टन. शंभर पोत्यांतलं एक पोतंसुद्धा भरत नाही. म्हणून कुणी सांगितलं की धुराचं रसायन केलं की कोळसा बिनघोर जाळता येईल, तर तो खोटं बोलतोय.

मग हे सगळं थोतांड आहे का? नाही. कोळसा आणि तेल संपवायचं ठरलं तरी औषधाला, रंगाला, खताला, प्लॅस्टिकला कार्बन लागणारच. तो जमिनीतनं उपसण्याऐवजी आसवनीच्या टाकीतनं घ्यावा, उन्हाच्या विजेवर त्याचं रसायन करावं, यात शहाणपण आहे. प्रश्न ऊन कुणाच्या जमिनीवर गोळा करणार, हा आहे.

परत हिशोब. आन्यांगएवढा कारखाना मराठवाड्यात काढायचा आणि हायड्रोजन पाण्यातनं काढायचा असं धरू. वर्षाला ११० कोटी युनिट वीज लागेल. एक मेगावॉट सौर पॅनेल वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतं आणि चार-पाच एकर जमीन खातं. म्हणजे सातशे मेगावॉटच्या आसपास पॅनेल आणि तीन हजार एकरांच्या आसपास जमीन. पाणी रोजचं पाच लाख लिटर, दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. खरं बोलायचं तर उसाच्या तहानेपुढं हे पाणी किरकोळ आहे. पण मे महिन्यात ज्या वस्तीत टँकर आठवड्यातनं एकदा येतो, तिथं रोज पन्नास टँकर कारखान्यात जाताना दिसले तर किरकोळ वाटणार नाही.

आणि ती तीन हजार एकर जमीन? बागाईतदाराची घेणार? पाटलाची घेणार? गावात सगळ्यात आधी कुठल्या जमिनीवर बोट पडतं ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गायरान. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली. मराठवाड्यात आपल्या बापांनी दगडधोंडे वेचून गायरानं कसली, त्यासाठी मार खाल्ला, घरं जाळून घेतली. १९९१ साली सरकारनं निर्णय काढला की भूमिहीन दलित-आदिवासींची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं कायम करू. किती जणांच्या हातात सातबारा पडला? गावोगाव विचारा. अजून 'अतिक्रमणदार' हीच ओळख. २०२२ साली उच्च न्यायालयानं गायरानाचा विषय स्वतःहून हातात घेतला आणि नोटिसा निघाल्या. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला, आणि उपकेंद्राजवळची सरकारी जमीन, त्यात गायरानही, सौर पॅनेलसाठी मोजायला सुरुवात झाली. त्याच वर्षी राज्याचं हरित हायड्रोजन धोरण आलं, ८,५६२ कोटींचं. आता हे तुकडे जोडा. हायड्रोजनला वीज, विजेला जमीन, जमिनीला गायरान, आणि गायरानावर आपला बाप उभा. धुराचा सातबारा मालकाच्या नावावर होईल आणि बापाच्या नावावर पुन्हा नोटीस.

सौर वीज आपल्या विरोधात नाही. सूर्य कुणाच्या बापाचा नाही. पण ज्यानं जमीन कसली त्याच्या नावावर आधी सातबारा करा, मग त्याच्याकडनं भाड्यानं घ्या. भाडं त्याच्या घरी येऊ द्या. एवढी साधी गोष्ट कुठलंच धोरण पहिल्या पानावर का छापत नाही?

आता त्या वायूबद्दल. शास्त्रज्ञ त्याला मोजतात, आपण त्याला ओळखतो. तो हवेपेक्षा दीडपट जड. खड्ड्यात, विहिरीत, टाकीत, बोटीच्या पोटात तळाला बसतो. रंग नाही, वास नाही. साध्या हवेत तो दहा लाखांत सव्वाचारशे भाग. चाळीस हजारांवर गेला की माणसाच्या जिवाला धोका, त्याहून वर गेला तर माणूस ओरडायच्या आत खाली. १९८६ साली कॅमेरूनमध्ये न्योस नावाच्या तळ्यातनं हाच वायू रात्री वर आला आणि सतराशेच्या आसपास माणसं झोपेतनं उठलीच नाहीत. आपल्याकडं विहिरीत गाळ काढायला उतरलेला एक आणि त्याला काढायला उतरलेले दोन, अशी बातमी दर उन्हाळ्यात येते. गटारात तर हा वायू एकटा नसतो, सोबत आणखी विषारी भाऊबंद असतात. २०१३ चा कायदा झाला, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाची भरपाई ३० लाख केली. मरणारे थांबले नाहीत. उतरणारी जातही बदलली नाही.

बोटीच्या पोटात भंगार असेल तर लोखंड गंजताना प्राणवायू खाऊन टाकतं. धान्य, लाकूड, कोळसा असला तरी तेच. गेल्या वर्षी एका ठेकेदारानं आमच्या टोळीला भंगाराच्या होल्डात उतरा म्हणून सांगितलं. हॅच नुकतंच उघडलेलं. आम्ही गॅसचा मीटर मागितला. म्हणाला, मीटर टॅक्सीला असतो. आम्ही उतरलो नाही. त्यानं आमची हजेरी कापली आणि दुसरी टोळी आणली. त्या टोळीतली माणसं वर आली, हे त्यांचं नशीब, ठेकेदाराचं पुण्य नव्हे.

उद्या टनांनी हाच वायू टाक्यांत भरणारे कारखाने येतील. टाकी आतनं साफ करायला कोण उतरेल? पाइप गळला तर रात्रपाळीला खाली कोण असेल? आणि त्यातनं जे मिथेनॉल निघणार ते आपल्या वस्तीला नवीन नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती याच मिथेनॉलनं. कारखान्याच्या टाकीतनं चोरवाटेनं गुत्त्यावर आलं की मिथेनॉल माणसाला आधी आंधळं करतं, मग मारतं. कागदावर त्याला 'हिरवं' म्हटल्यानं पोटात ते हिरवं होत नाही.

काही कॉम्रेड म्हणतील, मग यंत्रालाच विरोध करा. मला ते पटत नाही. १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं, कंटेनर आले, मुंबईच्या गोदीतली पाठीवरची पोती गेली. घोषणांनी कंटेनर थांबला नाही. ज्याला क्रेन चालवायला शिकवलं तो टिकला, ज्याच्या हातात फक्त आकडा होता तो गावी गेला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते तेव्हा त्यांनी वीज आणि पाण्याच्या राष्ट्रीय धोरणाचा पाया घातला, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं केलं. चुलीच्या धुराला कवटाळून बसा असं त्यांनी कधी शिकवलं नाही. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. म्हणजे यंत्र पाहिजेच, प्रश्न यंत्राच्या मालकीचा. ही दोन वाक्यं एकत्र म्हणायला शिकलं पाहिजे. पहिलं विसरला तो मागं राहतो, दुसरं विसरला तो दलाल होतो.

म्हणून जालन्यातल्या, औरंगाबादेतल्या (आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर), मुंबईतल्या पोरांसाठी हे काम.

एक. जालन्याच्या रसायन संस्थेत आपली किती पोरं-पोरी आहेत, ते माहिती अधिकारात विचारा. प्रवेश, शिष्यवृत्ती, गळती, नोकरी, सगळे आकडे जातवार मागा. मिळाले की आम्हाला पाठवा, आम्ही छापू. चिमणीच्या वरच्या खोलीत, जिथं कळ दाबतात तिथं, आपला पोरगा-पोरगी बसली पाहिजे. टाकीच्या तळाला उतरायचं आरक्षण आपल्याला न मागता मिळालंय, ते परत करायचंय.

दोन. सौर पॅनेलसाठी किंवा हायड्रोजनसाठी तुमच्या तालुक्यात कुठल्या गटाची मोजणी झाली, तलाठ्याकडं जाऊन बघा. गायरान कसणाऱ्यांचे जुने पुरावे, पीकपाण्याच्या नोंदी, दंडाच्या पावत्या आत्ताच गोळा करा. नोटीस आल्यावर पळापळ करून उपयोग नाही.

तीन. मोठ्या रासायनिक प्रकल्पाला पर्यावरण परवानगीआधी जनसुनावणी लागते, आणि तिथं तुमचं म्हणणं लिहून घ्यावं लागतं. पण एमआयडीसीच्या कुंपणाआतल्या कारखान्याला बऱ्याचदा त्यातनं सूट मिळते. म्हणून कारखाना कुंपणाच्या आत की बाहेर, हे आधी विचारा. आत असेल तर सुनावणी रस्त्यावर घेऊ.

चार. वायू धरणाऱ्या, हायड्रोजनच्या, मिथेनॉलच्या कुठल्याही विभागात ठेकेदारी नको. प्रत्येक कामगाराच्या छातीवर गॅसचा मीटर, टाकीत उतरायच्या आधी लेखी तपासणी, आणि नाही म्हणायचा हक्क. नाही म्हणणाऱ्याची हजेरी कापली तर काम बंद.

पाच. सरकारी पैशानं धूर पकडणार असाल तर त्या मालात जनतेचा हिस्सा लिहून द्या. ऊसतोडीच्या कोयत्याला त्यातनं दवाखाना, पोरांना शाळा. आणि ग्रीडच्या कोळशाच्या विजेवर मिथेनॉल करून त्याला हिरवं म्हणणाऱ्याला एक रुपयाही नको.

सहा. अभ्यास. दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास रसायनशास्त्र. अकरावीचं पुस्तक आणा, फळा आणा. ज्याला येतं त्यानं शिकवावं. वर दिलेला पोत्यांचा हिशोब प्रत्येकाला फळ्यावर मांडता आला पाहिजे, आईला समजावून सांगता आला पाहिजे. साहेब सभेत आकडे फेकतो तेव्हा आपण घोषणा देतो. एकदा आकड्याला आकड्यानं उत्तर देऊन बघा, साहेबाला घाम कसा फुटतो ते.

हजारो वर्षं आपल्या वाट्याला गावाची राख, गावाचं मेलेलं ढोर, गावाची घाण आली. आता गावाचा धूर येतोय, आणि पहिल्यांदाच त्या घाणीला भाव आलाय. भाव आला की मालक सांगायला येतो, ही माझी. येऊ द्या. आपण दारात फळा घेऊन उभे राहू.

जयभीम!